खडू वाट बघत नाही

शनिवार, संध्याकाळ

ताईस नमस्कार.

'सप्रेम' लिहायचं की नाही ते पत्राच्या शेवटी ठरवेन. सध्या नुसता नमस्कार.

पोचलो. मास्तरीण, नर्सबाई आणि मी, तिघी धडधाकट, बॅगांसकट. सीमेवरच्या नाक्यावर गाडी बराच वेळ उभी होती, पण शिक्का मारणाऱ्या माणसाने मान वर करूनही पाहिलं नाही. परदेश परदेश म्हणून एवढा गाजावाजा, आणि उतरले तर तीच माती, तेच खड्डे. फक्त दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत. मास्तरणीला येतात, असं तिचं म्हणणं. तिने एक पाटी वाचून 'औषधांचं दुकान' असं ठणकावून सांगितलं. आत शिरलो तर खुर्चीत एक गृहस्थ दाढी करून घेत होते.

हे पत्र तुझ्यापर्यंत कसं आलं ते दिसतंच आहे. मी कागदावर लिहिते, मास्तरीण त्याचा फोटो काढते आणि शेजारच्या घड्याळजींच्या मोबाइलवर पाठवते. तुझ्या कानांना फोन चालत नाही. मशीनच्या खडखडाटात आयुष्य दोघींचं गेलं, कान मात्र तुझेच गेले. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ओरडलं की आपलं भांडण होतं. त्यापेक्षा हे बरं. नाहीतरी गेले काही महिने आपण समोरासमोर बसून कापडाला टाचलेल्या चिठ्ठ्यांवरच बोलतोय. 'बाही अर्धा इंच आखूड.' 'पांढरा दोरा संपला.' 'जेवण झाकून ठेवलंय.' ही जरा मोठी चिठ्ठी समज.

घड्याळजी, तुम्हालाही नमस्कार. पत्र न वाचता ताईला दाखवावं ही विनंती. वाचणारच असाल तर निदान तिच्यासमोर हसू नका.

लॉज स्वच्छ आहे. खिडकीतून तळं दिसतं. थंडी मात्र कडाक्याची. तू बेतलेला तपकिरी कोट दिवसभर अंगावर आहे. आल्या आल्या पहिलं काम काय केलं सांगू? पासपोर्ट त्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. 'चोराला खिसा दिसतो, अस्तर दिसत नाही' हे वाक्य कुणाचं ते तुला ठाऊक आहे. असे बारीक टाके घातलेत की उद्या मलाच जागा सापडायची नाही. दोघींना सांगितलेलं नाही. तीन बायकांत गेलेलं गुपित म्हणजे बातमी. मास्तरीण फोटो काढताना चष्मा लावत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही परत. तू त्यानंतरच्या बुधवारी जाणार. समुद्रापलीकडे, मुलाकडे, नातवाकडे, कायमची. म्हणजे तू निघशील तेव्हा मी घरी असेन. घरी असेन एवढंच म्हणते. पोचवायला येणार नाही हे मी तुला त्याच दिवशी तोंडावर सांगितलंय. ज्या बहिणीच्या समोर बसून जन्म काढला तिचं जाण्याचं ठरलंय, हे मला कोटाचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडून कळावं? मी सुई घेऊन बसले होते आणि ती बाई म्हणाली, 'मग तुमच्या ताई गेल्यावर दुकान बंद का हो?'

असो. आराम करायला आले आहे, आराम करते.

'सप्रेम' आज राहू दे.

– तुझी धाकटी


सोमवार, दुपार

ताईस नमस्कार.

तुझं उत्तर मिळालं. 'वाचलं.' टाइप घड्याळजींनी केलं असलं तरी आवाज तुझाच. एवढं लिहून दमली असशील, जरा पड.

इथला आराम म्हणजे असा: सकाळी चहा, मग तळ्याकडे बघायचं, मग जेवण, मग परत तळ्याकडे बघायचं. पहिल्या दिवशी बरं वाटलं. आता माझे हात वळवळायला लागलेत. होडीत बसलो तेव्हा मास्तरीण डोंगर दाखवत होती आणि मी वल्हवणाऱ्याच्या सदऱ्याची काख बघत होते. काखेत ताणत होता. कुणीतरी आडव्या कापडावर बेतला असणार. 'समोर बघ की, निसर्ग आहे,' मास्तरीण ओरडली. मी म्हटलं, निसर्गाची शिवण व्यवस्थित आहे, तिथे माझं काय काम?

जेवणघरातल्या पडद्याची कड उसवली होती. मला राहवलं नाही. सुईदोरा काढून बसल्या जागी तुरपून टाकली. लॉजच्या मालकीणबाईंनी ते पाहिलं आणि आमची पंचाईत झाली. त्या आतून फुलाफुलांचं छान कापड घेऊन आल्या, माझ्यासमोर पसरलं, स्वतःच्या अंगाकडे बोट दाखवलं आणि माझ्या हातात कात्री दिली. बेतून द्या, असं.

मी कात्री खाली ठेवली. त्यांनी परत हातात दिली. मी परत ठेवली. मला येत नाही हे सांगायला मी मान हलवली, तर त्यांना वाटलं मी पैसे नकोत म्हणतेय. त्यांनी हात जोडले. ताई, जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला कापता येत नाही हे खुणांनी कसं सांगायचं? आपल्याकडे सांगावंच लागत नाही. ताई बेतते, धाकटी शिवते, सगळ्या गावाला माहीत. दुकानात कात्री एकच, आणि ती डावखुरी, तुझ्या हाताची. माझ्या हातात ती कापड चावते, कापत नाही. मी तरी काय करणार होते?

शेवटी नर्सबाईने पोटात दुखतंय असं नाटक केलं आणि आमची सुटका केली. खोलीत आल्यावर म्हणाली, 'अगं, साधा झगा तर होता. एक सरळ रेघ कापायची. घाबरलीस काय?' मी म्हटलं, शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही. ते म्हणताना माझ्या लक्षात आलं की हेही वाक्य तुझंच आहे.

तू गेल्यावर त्या दुकानात मी काय शिवणार, हे मला कुणी विचारलेलं नाही. तूही नाही.

जाऊ दे. सकाळी मास्तरणीने हातवारे करून इतिहास शिकवताना पावावरचा जॅम माझ्या कोटावर उडवला. तेवढं सोडलं तर सगळं ठीक.

– धाकटी


बुधवार, सकाळ

ताईस नमस्कार.

सगळं मजेत आहे. हवा छान. काळजी नसावी.

एक सहज विचारायचं होतं. माझा जन्माचा दाखला आपल्या लोखंडी ट्रंकेत आहे ना? खालच्या बाजूला, जुन्या बटणांच्या डब्याजवळ? नुसतं विचारते. असं बाहेरगावी आलं की कुठे काय ठेवलंय ते आठवत बसतं माणूस.

आणि पासपोर्टाची झेरॉक्स आपण कधी काढली होती का? तीही सहजच.

कोट सध्या घालत नाही. इथे तशी काही थंडी नाही. वाळत घातलेले कपडे मात्र वाळत नाहीत. नर्सबाई दोन दिवस रडते आहे, म्हणजे तिला सर्दी झाली आहे.

उत्तर जरा लवकर दे. घाई काही नाही.

– धाकटी


गुरुवार, सकाळ

ताई,

'काय झालं?' असं घड्याळजींनी लिहून पाठवलं. मास्तरणीने मोबाइल माझ्यासमोर धरला आणि ते दोन शब्द बघून मला जेवणघरात सगळ्यांसमोर रडू फुटलं. मालकीणबाईंनी घाईघाईने ते फुलाफुलांचं कापड उचलून आत नेलं. बहुतेक त्यांना वाटलं, त्याचंच दुःख.

सांगते. घड्याळजी, तुम्हीही वाचा, आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

सोमवारी दुपारी मी झोपले होते. उठले तर खुंटीवर कोट नाही. न्हाणीघरातून वाफ येत होती. नर्सबाई बादलीवर वाकून काठीने काहीतरी ढवळत होती.

मी विचारलं, 'काय करतेस?'

'तुझ्या कोटावरचा डाग काढतेय. म्हटलं, झोपली आहेस तोवर उरकून टाकू. उठशील तेव्हा चकित होशील.'

'पाणी गरम आहे?'

'उकळतं! डाग सोड, एक जंतू राहिला नसेल.'

मी कोट बाहेर ओढला, हात भाजले तरी ओढला, आणि अस्तर उसवायला बसले. टाके सापडेनात गं. माझेच टाके मला सापडेनात. शेवटी दातांनी फाडलं. आतून लगदा निघाला. पुठ्ठा तेवढा शाबूत, आतल्या पानांचा भिजलेल्या पावासारखा गोळा, आणि फोटोच्या जागी माझं नुसतं कपाळ. नर्सबाई मटकन खालीच बसली. 'अगं, पासपोर्ट कुणी शिवून ठेवतं का?' म्हणाली. आपण ठेवतो, हे तिला कसं सांगू? शिवणाऱ्याला सगळ्याच गोष्टी शिवाव्याशा वाटतात.

तिला रागवावं तर तिने चांगल्या मनाने केलं. स्वतःला रागवावं तर मीही जपण्यासाठीच केलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

कोट आटून एवढासा झालाय. तुझ्या नातवाला अजून दोन वर्षांनी बसेल.

मंगळवारी गावातल्या पोलिसचौकीत गेलो. त्यांनी तो गोळा चिमट्याने उचलून पाहिला आणि एक कागद लिहून दिला. काल सकाळी तुला 'सगळं मजेत' लिहिलं आणि तिथूनच उठून राजधानीत आपल्या वकिलातीत गेलो. तिथल्या चष्मेवाल्या कारकुनाने सांगितलं की परत जायचा तात्पुरता कागद मिळेल, पण मी म्हणजे मीच, हे तिकडच्या कचेरीत रक्ताच्या माणसाने मूळ दाखल्यासकट येऊन लिहून द्यायला हवं. मी विचारलं, शेजारी चालेल का? रक्ताचं, तो म्हणाला. माझं रक्ताचं माणूस तिकडे एकच, आणि ते सध्या सामान बांधतंय.

आता खरं बोलते. मला कागदाची भीती नाही. कागद आज ना उद्या मिळेल. मला भीती आहे ती बुधवारची. मी रागाच्या भरात म्हणाले होते की पोचवायला येणार नाही. आणि आता नेमकं असं झालं. तुला वाटणार, हिने मुद्दाम केलं. ही तिकडे बसून तळं बघतेय आणि बहाणे लिहून पाठवतेय. ताई, मुद्दाम नाही गं. मी बुधवारी तुझी बॅग उचलणार होते. मनात ठरवून ठेवलं होतं, तोंड फुगवूनच उचलणार होते, पण उचलणार होते.

– धाकटी


शनिवार, दुपार

ताई,

तुझं उत्तर मिळालं. 'दाखला सापडला. सोमवारी कचेरी उघडली की जाते.' शुक्रवारी का नाही असं विचारणार होते, तर घड्याळजींनी खाली स्वतःचं जोडलं होतं की शुक्रवारी कचेरीला सुट्टी. त्यांना सुट्टी कशाची ते त्यांनाही माहीत नाही.

आज सकाळी दोघी गेल्या. नर्सबाईची रजा संपली, मास्तरणीच्या घरी तिची सून एकटी. नर्सबाई गाडीत चढेना. 'मी थांबते, माझ्यामुळे झालं,' म्हणत पायरीवर उभी राहिली. मागचे लोक ओरडायला लागले. मास्तरणीने तिला दंडाला धरून आत घेतलं. गाडी हलली तशी तिने खिडकीतून स्वतःचा स्वेटर माझ्या अंगावर फेकला. तो घालून बसले आहे. बाह्या हाताच्या खाली लोंबतात.

मास्तरणीने जाताना मला माझ्याच मोबाइलवरून पत्राचा फोटो पाठवायला शिकवलं. पहिल्या तीन फोटोंत माझा अंगठा आला. घड्याळजींनी चौथ्याला 'आता अक्षर दिसलं' असं कळवलं, म्हणजे तेही पहिले तीन निरखून बघत बसले असणार.

वकिलातीजवळ एका घरात जिन्याखालची खोली घेतली आहे. खाट, खुर्ची, एक खिडकी, आणि खिडकीतून समोरच्या भिंतीचा पाइप. मालक भला माणूस आहे, पण त्याला माझं आणि मला त्याचं अक्षर कळत नाही. त्याने आज बशीतून बिस्किटं आणून दिली, मी हसले, तो हसला, आणि संपलं. दोघी गेल्यापासून मी कुणाशीही पूर्ण वाक्य बोललेली नाही. घरी तुझ्याशी बोलत नव्हते तेव्हा निदान समोर तुझं ओणवलेलं डोकं तरी असायचं.

तू सामान बांधायचं सोडून माझ्यासाठी रांगेत उभी राहणार. शेवटच्या आठवड्यात. मला लाज वाटते आणि बरंही वाटतं. दोन्ही एकदम.

– धाकटी


सोमवार, संध्याकाळ

ताई,

घड्याळजींनी सगळं कळवलं. ते तुझ्याबरोबर दुकान बंद करून गेले हे त्यांनी लिहिलं नसतं तरी मला कळलं असतं, कारण पत्रात कुठल्या खिडकीवर किती वाजले त्याचा हिशेब आहे. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरीने पहिलीकडे. तुला कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून तू सरळ पहिल्या खिडकीत जाऊन उभी राहिलीस आणि सही करेपर्यंत हललीच नाहीस. ऐकू न येण्याचा एवढा फायदा आजवर कुणी घेतला नसेल.

तुझा कागद दुपारीच इथे आला. मी धावत वकिलातीत गेले. कारकुनाने स्वतः उठून तो दाखवला, शिक्का बरोबर, सही बरोबर, सगळं बरोबर. मग म्हणाला, 'आता फक्त साहेबांची सही.'

'मग घ्या की.'

'साहेब रजेवर आहेत.'

'कधी येणार?'

'गुरुवारी.'

मी म्हटलं, माझी बहीण बुधवारी कायमची जाते आहे. तो म्हणाला, 'बाई, माझ्या हातात असतं तर आत्ता दिला असता.' आणि ताई, त्याचा चेहरा खरंच तसा होता. त्याने मला पाणी आणून दिलं. कुणी उर्मट असता तर भांडून तरी घेतलं असतं. सगळेच चांगले आहेत. नर्सबाई चांगली, कारकून चांगला, घरमालक चांगला, तू तर पहाटेपासून रांगेत उभी. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे तर तीन दिवसांनी घोडं अडलंय आणि ते ढकलायला मी कुठे हात लावू ते समजत नाही.

मी चिठ्ठीत तुझ्याकडे दोऱ्याशिवाय कधी काही मागितलं नाही. आज मागते. थांब ना. शुक्रवारपर्यंत. मी तोंड फुगवणार नाही.

– धाकटी


बुधवार, दुपार

ताई,

'मुलगा न्यायला आलाय. त्याची रजा संपते. तिकीट बदलत नाही.' हे मंगळवारी आलं. त्याच्यापुढे घड्याळजींनी काही जोडलं नव्हतं, म्हणून समजले की तू जवळ बसून लिहवून घेतलंस.

मी तुझ्यावर चिडलेली नाही. चिडायला आता ताकद नाही.

आज सकाळी फोन केला. चालत नाही हे माहीत असून केला. घड्याळजींनी तो तुझ्या कानाला धरला. मी म्हटलं, 'ताई.' तू म्हणालीस, 'आवाज येत नाही गं.' मी जोरात म्हटलं. तू म्हणालीस, 'येत नाही.' मग मी ओरडले. खुर्चीवर उभी राहून ओरडले, जणू उंचावरून तुला जास्त ऐकू येणार होतं. जिन्यात माणसं जमली. मालक दारात येऊन उभा राहिला. मी सगळ्यांच्या देखत ओरडत होते, 'मी मुद्दाम नाही केलं! मी येणार होते!' आणि तू तिकडून शांतपणे सांगत होतीस, 'जेवत जा. नुसत्या चहावर राहू नकोस. मशीनला तेल घाल.' मग पोराचा आवाज आला, 'आई, गाडी,' आणि फोन घड्याळजींच्या हातात गेला. ते म्हणाले, 'निघाल्या हो.'

मी खुर्चीवरून उतरले. मालकाने दार हळूच ओढून घेतलं.

जिभेला हाड नसतं म्हणतात. पोचवायला येणार नाही म्हणाले होते. नाही आले. रागात बोललेली एवढी एकच गोष्ट माझ्या आयुष्यात तंतोतंत खरी झाली.

हे पत्र घड्याळजींना पाठवून उपयोग नाही. तरी पाठवते. दुसरं कुठे पाठवू?

– धाकटी


रविवार, दुकानातून

ताई,

भाच्याचा पत्ता घड्याळजींकडे मिळाला, म्हणून हे टपालाने.

साहेब गुरुवारी आले आणि त्यांनी माझ्याकडे न बघता सही केली. शुक्रवारी सीमा ओलांडली. शनिवारी सकाळी घरी पोचले. कुलूप काढलं, दिवा लावला. तुझी खुंटी रिकामी. तुझी डावखुरी कात्री जागेवर नाही. ती तू नेलीस हे बरं केलंस. तिच्यावाचून तुझा हात तिकडे गप्प बसला नसता.

मग बेतायच्या टेबलाकडे बघितलं.

निळं लोकरीचं कापड. तू ट्रंकेत कधीपासून जपून ठेवलेलं, 'याला योग्य माणूस आला की काढेन' म्हणायचीस, आणि मोठमोठ्या गिऱ्हाइकांना दाखवायचीसुद्धा नाहीस, ते. टेबलभर पसरलेलं, आणि त्याच्यावर खडूने कोट आखलेला. पाठ, पुढच्या दोन बाजू, बाह्या, कॉलर. माप घ्यायला मी नव्हते. पट्टी धरून पाहिलं, तर एक दोरासुद्धा इकडचा तिकडे नाही. डावा खांदा माझा जरा उतरता आहे, तोही तसाच उतरता आखलेला. बाजूला अस्तर. त्याच्यावर आतल्या खिशाचा चौकोन, आणि त्याला चिठ्ठी टाचलेली: 'बटण लाव. शिवून टाकू नकोस.'

मी हसले ताई. रिकाम्या दुकानात एकटी मोठ्याने हसले, आणि मग ते हसणं दुसरीकडेच गेलं.

कापडावर नवी कात्री ठेवलेली होती. उचलली. उजव्या हातात सहज बसली.

घड्याळजी आवाज ऐकून आले. म्हणाले, सोमवारी कचेरीतून येताना तू बाजारात उतरलीस आणि एकेक कात्री उजव्या हाताने उघडून-मिटून बघत बसलीस. दुकानदार वैतागला, बाई, डावऱ्या तुम्ही, उजवी कशाला? मंगळवारभर तू या टेबलावर ओणवी होतीस. मुलगा बॅगा भरत होता, 'आई, हे तरी बघ, ते तरी बघ' म्हणत होता, आणि तुला काही ऐकू येत नव्हतं. बुधवारी फोन ठेवल्यावर परत येऊन तू दुसरी बाही आखलीस. गाडी दारात. घड्याळजी म्हणाले, 'अहो, आखलंत तर कापूनही टाका, पाच मिनिटांचं काम.' तर तू खडू खाली ठेवलास आणि म्हणालीस, 'तिचं ती कापेल.'

मला वाटत होतं तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस. मी मुद्दाम आले नाही असं समजून गेलीस. न येणाऱ्या माणसासाठी कुणी कोट आखून ठेवत नाही, एवढं मला कळतं.

आता इथून पुढचं सांगते आणि तू हसू नकोस.

काल कात्री हातात घेतली आणि उभी राहिले. मग खाली ठेवली. जेवले. तुझं ऐकलं, चहावर राहिले नाही. मशीनला तेल घातलं. परत कात्री घेतली. पाठीच्या रेघेवर टेकवली आणि परत उचलली. दुसरं कापड असतं तर एकवेळ धीर केला असता. हे एकच आहे. हे बिघडलं तर तू आखलेलं दुसरं काही माझ्याजवळ नाही. नर्सबाई येऊन गेली, स्वेटर घेऊन गेली, जाताना म्हणाली, 'अगं, काप की, मी धरते कापड.' मी तिला कापडाला हात लावू दिला नाही. तिचा आणि माझ्या कोटांचा योग चांगला नाही.

तू गिऱ्हाइकांना सांगायचीस, 'खडू मारला की लगेच कापावं. खडू वाट बघत नाही.' खरं आहे. आज सकाळी घड्याळजी बोलताना टेबलाला टेकले आणि त्यांच्या कोपराने डाव्या बाहीचा घेर पुसट झाला. त्यांना एवढं वाईट वाटलं की मीच त्यांची समजूत काढली. पाठीची रेघ वाऱ्याने फिकी होते आहे. मी खिडक्या लावून घेतल्या. खडू माझ्या हाताशी आहे, वरून गिरवता येईल. पण गिरवली की ती रेघ माझी होईल, तुझी राहणार नाही. तेवढंही धैर्य होत नाही.

इतकी वर्षं तुझ्यासमोर बसले. तू कापायचीस आणि मी पुढच्या तुकड्याची वाट बघत दोरा ओवायचे. मान वर करून कधी विचारलं नाही, कारण कात्री डावखुरी होती आणि तू होतीस. आता दोन्ही नाही. टपाल तुझ्याकडे पोचायला आणि तुझं यायला किती दिवस लागतील कोण जाणे, तोवर रेघ राहील का तेही माहीत नाही. तरी विचारते.

ताई, पहिली कात्री कुठून लावायची?

सप्रेम,

तुझी धाकटी